डेक गळतोय? सिलिकॉनची ट्यूब आधी खाली ठेवा

मे सरत आला की बोटी पाण्याबाहेर काढायची घाई सुरू होते. त्याच घाईत कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब काढून क्लीटच्या, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीच्या, कडेनं पांढरी रेघ ओढतं. मीही ओढली होती. बावीस फुटी फायबरची बोट, उजवीकडच्या स्टँचनच्या, म्हणजे कठड्याच्या खांबाच्या, बुडाशी गळती. हाताचं बोट फिरवून रेघ छान गुळगुळीत केली, वर ताडपत्री बांधली आणि चार महिने निवांत झालो. ताडपत्री वाऱ्यानं कधी सरकली ते कळलंच नाही. ऑक्टोबरात त्या जागी पाय ठेवला तर डेक ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. बोल्ट काढल्यावर भोकातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं.

डेक दिसतो एकसंध, पण असतो सँडविच. वर-खाली फायबरचे थर आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लाय. बोल्टसाठी भोक पाडलं की त्या लाकडाची कड उघडी पडते. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लगदा, कधी ना कधी दगा देणारच, तोवर लाकडानं पाणी प्यायला नको, एवढीच सगळी खटपट.

गळतंय तिथेच छिद्र आहे असं समजू नका. पाणी छताच्या आतल्या अस्तरावरून वाहत दोन हात लांब जाऊन टपकतं. आम्ही आतून प्रत्येक नटाभोवती टाल्कम पावडर भुरभुरवतो आणि वरून एकेका फिटिंगवर बादलीनं पाणी सोडतो. पावडर जिथे आधी काळवंडते, तो गुन्हेगार. केबिनमधल्या ज्या बंकवर (झोपायच्या फळीवर) पाणी टपकायचं त्याच्या वरच्या क्लीटवर मी विनाकारण एक रविवार घालवला होता. गळती निघाली हँडरेलची.

आता मुख्य काम. फिटिंग काढल्यावर तेच भोक पुसून पुन्हा बोल्ट घालू नका. ६ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक १२चं करा. खिळा काटकोनात वाकवून ड्रिलला लावला की दोन थरांमधलं कुजकं लाकूड खरवडून निघतं. उरलेलं खडखडीत वाळू द्या. म्हणूनच हे काम फेब्रुवारी-मार्चचं, जूनच्या तोंडावरचं नाही. खालून टेप लावा, आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर कडक होणारी राळ) लाकडाला पाजा, मग फिलरची भुकटी घालून घट्ट केलेलं भरा. कडक झालं की मधोमध ६चं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. वरच्या तोंडाला काउंटरसिंकनं (भोकाचं तोंड पसरट करणाऱ्या बिटनं) हलका उतार द्या, तिथे सीलंटचं कडं बसतं.

दुपारी तापलेल्या डेकवर कागदी कप भरून इपॉक्सी कालवू नका, कपातच वाफा यायला लागतात. थोडंथोडं कालवा. दमट हवेत कडक झालेल्या इपॉक्सीवर तेलकट साय धरते. ती अ‍ॅसिटोननं पुसून भागत नाही, साधं पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी घ्या. अ‍ॅसिटोन त्यानंतर.

सीलंट कोणतं, यावर लोक तासन् तास भांडतात. सिलिकॉन मी डेकवर लावत नाही. त्याचा अंश फायबरवर राहतो आणि मग त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेनही नको, पुढच्या वेळी फिटिंगबरोबर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचा, तुकडा उचकटून येतो. पॉलिसल्फाइड चांगलं, पण अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला किंवा प्लास्टिकच्या फिटिंगला लावलंत तर तेच खाऊन टाकतं. माझी पसंती ब्युटाइल टेपला, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टीला. पत्र्याच्या छपराची डांबरी पट्टी मात्र त्याच भावात खपवतील, ती घेऊ नका.

आवळताना एकानं वर स्क्रू ड्रायव्हरनं बोल्ट स्थिर धरायचा, दुसऱ्यानं खालून नट फिरवायचा. बोल्ट फिरला की बसलेलं सीलंट फाटतं. आणि जोर किती? माझा एक दोस्त पान्यावर लटकतो, सगळं सीलंट बाहेर आणि आत कोरडं. चहूबाजूंनी सारखी कड बाहेर आली की थांबा. ब्युटाइल असेल तर दोन-तीन दिवस रोज पाव फेरा. खाली नटाखाली जोर पसरवणारी जाड बॅकिंग प्लेट हवी, चिमुकले वॉशर फायबरमध्ये रुततात.

नागदेवी स्ट्रीटला बोल्ट घ्यायला गेलात तर नुसतं ‘एसएस द्या’ म्हणू नका, ३१६ मागा, खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारा स्टेनलेसचा प्रकार. लोहचुंबकानं ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत. डोक्यावर ए४, म्हणजे ३१६ची खूण, छापलंय का ते बघा. जुने बोल्ट परत घालायचे असतील तर मधला, डेकच्या आत राहणारा भाग बघा. डोकं चकाकत असतं आणि कंबर खड्ड्यांनी पोखरलेली असते.

एक चूक सगळ्यात शहाणी माणसं करतात. काम संपल्यावर आतूनही नटावर सीलंट थापतात, जास्तीची खात्री म्हणून. तसं करू नका. वरून पाणी शिरलंच तर ते केबिनमध्ये येऊ द्या. उशी भिजली की त्याच दिवशी कळतं. खालची वाट बंद असली की तेच पाणी डेकच्या पोटात मुरत राहतं आणि कळायला ऑक्टोबर उजाडतो.