जुनी मारुती ८०० इलेक्ट्रिक करायचीय? मग मोटर सगळ्यात शेवटी बघा

गाडी इलेक्ट्रिक करायची म्हटलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारायलेत, मोटर किती किलोवॅटची टाकू. ते आधी डोक्यातून काढा. मोटर हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, अवघड आहे ते कागद, वजन, बॅटरीची पेटी आणि वायरिंग, आणि पैसा पण मोटरपेक्षा तिथंच जास्त जायला पायजे.

सुरुवात रोजच्या अंतरापासून करा. जुळे सोलापूरहून निघून अक्कलकोट रोड एमआयडीसी, तिथून नवी पेठ, संध्याकाळी परत घरी, मध्ये एखादी चक्कर सात रस्त्याला, एवढं सगळं धरलं तरी शहरात तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर कोण जात नाही. अक्कलकोट जाऊन येऊन ८० च्या आसपास, तुळजापूर ९० च्या आसपास आणि वर तिथला घाट. पंढरपूर जाऊन येऊन दीडशेच्या जवळ जातं. माझं स्पष्ट मत असंय की शहर आणि अक्कलकोट एवढ्यावर हिशोब बसवा, पंढरपूर-पुण्याचा विचार या गाडीकडून करू नका, त्यासाठी एसटी आहे, रेल्वे आहे. कारण अंतर वाढवलं की बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की वजन वाढतं, मग स्प्रिंग बदला, ब्रेक कमी पडायलेत, आणि बघता बघता खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढं गेलेला असतो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण इथं चुकलं तर बाकी सगळं वाया. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळी गाडी परवानगीशिवाय करता येत नाही, इंधन बदलणं त्यातच येतं. इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ नावाचं स्टँडर्ड आहे, किट बनवणाऱ्यानं ते पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त टेस्टिंग संस्थेकडून पास करून घ्यायचं असतं, आणि ती मंजुरी ठराविक मॉडेलांसाठीच असते, म्हणजे एका मॉडेलला पास झालेलं किट दुसऱ्याला उचलून लावलं तर ते कागदावर चालत नाही. म्हणून पहिलं काम, किटवाल्याकडून मंजुरीच्या सर्टिफिकेटची कॉपी मागा, त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का ते स्वतः वाचा, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ अप्रूव्हड आहे साहेब' म्हणाला म्हणून अ‍ॅडव्हान्स देऊ नका. मग आपल्या एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, परवानगी घ्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, विमा कंपनीला लेखी कळवणं. काम झाल्यावर आरसीवर इंधन बदलून घ्यायचं आणि हिरवी नंबर प्लेट लावायची. पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर आरसी रिन्यू झालेली आहे का ते सगळ्यात आधी बघा. मंजुरीचं किट नसताना घरी सुटे पार्ट जोडून बनवलेली गाडी स्वतःच्या शेतात, स्वतःच्या प्लॉटवर चालवा, रस्त्यावर आणू नका, उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी सरळ हात वर करेल.

किट मंजूर असलं आणि फिटिंग अधिकृत माणूसच करणार असला तरी पुढचं सगळं तुम्हाला माहीत असायला पायजे, नायतर समोरचा काय करतोय ते कळणारच नाही.

गाडी कुठली? मला मारुती ८०० आवडते याचं कारण भावना नाही, वजन आहे. ही गाडी रिकामी साधारण ६५० किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी, पॉवर स्टीअरिंगची भानगड बहुतेक गाड्यांना नाही, आणि १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिल्यामुळं हातात घेणारा मिस्त्री कुठंही मिळतो. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं कोकणातल्या गाडीसारखा पत्रा सडत नाही, तरी गाडी रॅम्पवर घेऊन खालचा पत्रा, जॅक लावायची जागा, पुढच्या सस्पेन्शनचे माथे आणि मागच्या सीटखालचा भाग हातोडीनं हलकं ठोकून बघा. भुसभुशीत आवाज आला तर ती गाडी सोडून द्या, सडलेल्या बॉडीवर लाखाची बॅटरी बसवू नये.

काही खोलायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्या, मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याच्या गाड्यांसाठी काटे असतातच. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, तिन्ही आकडे लिहून ठेवा. त्यानंतर इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोल टाकी, स्टार्टर, अल्टरनेटर सगळं निघेल. टाकी काढताना आधी पेट्रोल पूर्ण उपसा, टाकी उघडी ठेवून हवा लागू द्या, आणि त्या दिवशी तिथं वेल्डिंग नको म्हणजे नको. गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, सस्पेन्शन तसंच राहतं. पुन्हा काट्यावर नेऊन वजन घ्या, मग कळतं बॅटरीला किती वजनाची मोकळीक आहे आणि पुढं किती मागं किती वाटायचं. काम झाल्यावर पुढ-मागचं प्रमाण मूळ आकड्यांच्या जवळ यायला पायजे आणि बॅटरी, माणसं, सामान धरून एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत राहायला पायजे. सगळी बॅटरी डिकीत टाकणारे लोक आहेत, त्यांच्या गाडीचं तोंड वर होतं आणि पुढची चाकं पावसात पकड सोडतात.

बॅटरी. इथं नीट वाचा. ई-रिक्षाच्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो, पण १२ व्होल्ट १०० अ‍ॅम्पिअर-अवरची एक बॅटरी तीसेक किलोची, तशा आठ लावल्या तर २४० किलो झाले, आणि त्यातली अर्धीच ताकद रोज वापरली तर त्या टिकतात. २००१ साली आलेली बंगळुरूची रेवा अशाच बॅटऱ्यांवर चालायची, तेव्हा दुसरं काही परवडत नव्हतं, आज तसं नाही. आज लिथियम फेरो फॉस्फेट म्हणजे एलएफपी घ्या. एक सेल ३.२ व्होल्टचा, १०० अ‍ॅम्पिअर-अवरचा सेल दोनेक किलोचा. असे ३२ सेल एकामागं एक जोडले की १०२ व्होल्टचा पॅक होतो, त्यात जवळपास १०.२ युनिट वीज साठते, आणि सेलचं वजन पासष्ट किलोच्या आसपास. उन्हात इतर लिथियमपेक्षा हे सेल जास्त शांत असतात, सोलापूरच्या मे महिन्यात हे महत्त्वाचं आहे.

अंतराचा हिशोब सोपा आहे. एवढी हलकी गाडी शहरात किलोमीटरला ८० ते १०० वॅट-अवर खाते, एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर. १०.२ मधले रोज ८ युनिटच वापरायचे असं धरा, म्हणजे ८० ते १०० किलोमीटर. कुणी एवढ्याच पॅकवर दोनशे सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय, सरळ उठून या.

सेल घेताना सगळे एकाच बॅचचे घ्या, प्रत्येकाचं व्होल्टेज आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजून यादी करा. पॅक जुळवायच्या आधी सगळे सेल पॅरलल जोडून ३.६५ व्होल्टवर एकसारखे भरून घ्या, याला वेळ लागतो, लागू द्या. बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचा बोर्ड, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा पायजे, टेंपरेचर सेन्सर असणारा पायजे, ३.६५ च्या वर आणि २.५ च्या खाली सेल कधीच जाऊ देणार नाही असा. मी तर चार्जिंग ३.५ ला थांबवायचं आणि गाडी ३ च्या आसपास बंद करायची अशी सेटिंग सुचवतो, अंतर थोडं कमी होतं पण बॅटरी वर्षानुवर्षं चालते.

पेटी अँगल आणि पत्र्याची, पावडर कोटिंग केलेली, आतून ग्लास इपॉक्सी शीट (करंट न वाहणारी) लावून, सेल दोन्ही बाजूंनी प्लेटमध्ये दाबून बसवलेले. नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला बोल्ट मारू नका, चॅसिसच्या मजबूत भागाला धरा, पत्र्याच्या खालून जाड प्लेट द्या. अपघातात पेटी जागची हलली तर आत बसलेल्या माणसाचं काय होईल एवढाच विचार करून बोल्ट निवडा. पेटी माणसं बसतात तिकडं बंदिस्त पायजे आणि तिचा व्हेंट गाडीच्या बाहेर निघायला पायजे.

वायरिंगला आपल्या घरच्या करंटचा अनुभव कामाला येत नाही. बॅटरीचा डीसी करंट तोडताना ठिणगी विझत नाही, ताणत जाते, म्हणून घरातला साधा एमसीबी इथं लावला तर तो आतून पेट घेऊ शकतो. कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज, बाकीचे स्विच सगळं डीसी रेटिंगचं, आणि पॅकच्या व्होल्टेजपेक्षा वरच्या रेटिंगचं. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यात, मोठे कपॅसिटर असतात, त्यामुळं कॉन्टॅक्टर एकदम जोडला तर त्याचे पॉइंट चिकटतात, म्हणून आधी रेझिस्टरमधून प्रीचार्ज, म्हणजे कपॅसिटर हळूहळू भरणं, आणि मग कॉन्टॅक्टर, हा क्रम कंट्रोलरनं स्वतः सांभाळायला पायजे. ड्रायव्हरच्या हाताशी लाल इमर्जन्सी बटण, धडक बसली की कॉन्टॅक्टर पाडणारा इनर्शिया स्विच, आणि काम करताना पॅकचं सर्किट मधोमध तोडता येईल असा सर्व्हिस प्लग, या तिन्हीत काटकसर नाही. जाड केबल ३५ ते ५० स्क्वेअर एमएमची, नारंगी रंगाची, टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिम्पनं दाबलेले. आणि लक्षात ठेवा, हा १०२ व्होल्टचा निगेटिव्ह बॉडीला लावायचा नाही, बॉडी फक्त १२ व्होल्टसाठी. काम झाल्यावर कंट्रोलर, चार्जर, बीएमएस सोडवून मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावून बॉडीशी इन्सुलेशन तपासा, पॉवरलूमची कामं करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडं मेगर असतोच. ६० व्होल्ट डीसीच्या वरचा झटका जीव घेऊ शकतो, रबरी हातमोजे घाला, हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा, एकट्यानं काम करू नका.

आता मोटर. सपाट रस्त्यावर ६० च्या स्पीडला या गाडीला चार-पाच किलोवॅट लागतात, तुळजापूरच्या घाटात चाळीसनं चढायचं तर सात-आठ. म्हणजे सतत १० किलोवॅट देणारी आणि थोडा वेळ २० पर्यंत जाणारी मोटर भरपूर झाली. ती गिअरबॉक्सला जोडायची अ‍ॅडाप्टर प्लेट आणि कपलर चांगल्या टर्नरकडून करून घ्या, जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कपलरसाठी कामाला येतो. लेथवालं काम आपल्याकडं चांगलं होतं, लूमचे पार्ट करून करून हात बसलेला असतो. फक्त डायल गेज लावून तपासा, दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील, पाच शतांश मिलिमीटरच्या वर लटपट असेल तर पुन्हा करा, नायतर गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि सील दोन्ही जातात. इंजिनचं एक माउंटिंग गेलेलं असतं, तिथं रबरासकट ब्रॅकेट करावा लागतो. चालवताना शहरात दुसरा गिअर, बाहेर तिसरा, पहिल्याची फारशी गरजच पडत नाही. रिव्हर्ससाठी गिअरबॉक्सचा रिव्हर्स वापरा आणि मोटरचा रिव्हर्स बंद ठेवा.

ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिनचा व्हॅक्यूम आता नाही, म्हणून इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप आणि छोटी टाकी लावावी लागते, हे राहिलं तर पॅडल दगडासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही. हेडलाइट, वायपर, हॉर्नसाठी मोठ्या पॅकचे व्होल्ट १२ वर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, सोबत छोटी १२ व्होल्टची बॅटरी ठेवाच, म्हणजे मोठा पॅक बंद पडला तरी रात्री पार्किंग लाइट चालू राहते. एसी पायजे असेल तर इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लागतो, तो एक-दीड किलोवॅट खातो. मे महिन्यात भागवत टॉकीजच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर एसी नको म्हणणारा माणूस मला भेटायचाय, तेव्हा अंतराच्या हिशोबात तो आधीच धरा.

घरी चार्जिंगला दोन किलोवॅटचा चार्जर घ्या, पॅक रिकामा झाला तरी पाच-सहा तासांत भरतो. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी, ३० मिलीअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). जुन्या पेठेतल्या घरांत एकाच वायरवर फ्रिज, मिक्सर, इस्त्री सगळं असतं, त्याच्यावर चार्जर लावू नका, आणि मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडून वाढवून घ्या. अर्थिंगचं विशेष सांगतो, आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंग नावाला उरतं, मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत जा. एलएफपी सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभ्या गाडीच्या पेटीत तेवढी उष्णता सहज होते, म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग मध्यरात्रीनंतर, टायमर लावून. छतावर सोलर असेल तर उत्तमच, ३ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतं, नेट मीटरिंगमध्ये दिवसाची वीज रात्री वळती होते.

पैशाचं म्हणाल तर पेट्रोल शंभरच्या वर, शहरात ८०० पंधरा-सोळा देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. विजेचं युनिट १० रुपये धरलं आणि चार्जरमधली गळती धरली तरी किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत. रोज तीस किलोमीटर चालणाऱ्याचे महिन्याला साडेचार हजार वाचतात, आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याचा खर्च निघायचाच नाही, त्यानं हे करू नये असं मी तोंडावर सांगतो.

गाडी तयार झाली की पहिले काही दिवस घराच्या जवळपासच फिरवा, होटगी रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी लवकर. परत आल्यावर मोटर, कंट्रोलर आणि प्रत्येक लग इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा, एकच जोड बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो सैल आहे, सर्व्हिस प्लग काढून तो टॉर्क पान्यानं आवळा. महिनाभरानं सगळ्या बसबारचे, म्हणजे सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचे नट एकदा तपासा, सेलचे व्होल्टेज पहिल्या दिवशीच्या यादीशी ताडून बघा, आणि एकच सेल वारंवार खाली जात असेल तर वॉरंटीत असतानाच बदलून घ्या.