मटणाला धुरी द्यायची तर लाकूड कुठून आणाल?

आधी एक सांगून टाकते: टिंबर मार्केटला जाऊ नका. पुण्यात लाकूड म्हटलं की कुणीही भवानी पेठेचाच रस्ता दाखवतं. पण तिथे असतो साग, देवदार, पाइन, मरांडी, म्हणजे सगळा चौकटी-फर्निचरचा माल. पाइन-देवदारात राळ असते. ती जळली की काळी काजळी आणि टर्पेंटाइनसारखा वास थेट मटणावर बसतो. सागाचं लाकूड तेलकट, तेही नको. प्लायवूड आणि एमडीएफचे तुकडे म्हणजे डिंकच जाळणं. आणि कारखान्याबाहेर फुकट पडलेली पॅलेट्स दिसली तरी मोह आवरा. त्यांच्यावर 'एमबी' असा शिक्का असेल तर कीड मारायला मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेला असतो. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेलं, पण ते बहुतेक पाइनच असतं आणि वाटेत त्यावर काय काय सांडलं ते कुणाला ठाऊक.

आपल्याला हवं फळझाडाचं किंवा बाभळीच्या कुळातलं, घट्ट आणि खडखडीत वाळलेलं लाकूड. ते मिळतं जळाऊ लाकडाच्या वखारीत, बागायतदाराकडे, आणि थोडंफार पूजा साहित्याच्या दुकानात.

पूजेचं दुकान ऐकून हसू नका. हवनाच्या आंब्याच्या समिधा पुड्यात बांधून मिळतात, शहरात हाताशी असलेलं आंब्याचं लाकूड तेच. काड्या बारीक असल्याने पटकन जळून जातात, त्यामुळे कोंबडीच्या तंगड्यांना किंवा माशाला ठीक, मटणाच्या अख्ख्या रानाला, म्हणजे मांडीला, पुरणार नाहीत. मात्र मागताना 'नुसत्या आंब्याच्या' असं स्पष्ट म्हणा. नवग्रहांच्या समिधांचा पुडा चुकूनही आणू नका, त्यात रुई असते आणि रुईचा चीक विषारी. शिवाय तूप-कापूर लावून तयार केलेल्या समिधाही मिळतात, त्याही आपल्या कामाच्या नाहीत.

खरी खरेदी वखारीत. सरपणाच्या वखारी अजून आहेत, चुलीवरच्या मटणाची हॉटेलं त्यांच्यावरच चालतात. मुंबईत मात्र दिवस बदललेत. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला मुदत घालून दिली, तेव्हापासून बेकरीच्या वखारींवर फार विसंबू नका. तसंही बेकरीच्या भट्टीत पाडकामाचं, जुन्या फर्निचरचं, रंग लावलेलं लाकूड सर्रास जायचं.

वखारवाल्याला 'चांगलं लाकूड द्या' म्हणालात तर तो चांगलं जळणारं देईल, त्याच्या लेखी चांगलं म्हणजे तेच. म्हणून झाड आपल्याला ओळखता आलं पाहिजे, आणि झाड ओळखू येतं सालीवरून. त्यामुळे साल काढलेला, फोडलेला ढीग सोडा, सालीसकट ओंडका मागा. बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची, आतला गाभा लालसर तपकिरी. आंब्याची साल जाड, करडी, खरबरीत, आतलं लाकूड फिकट. पेरूची साल गुळगुळीत, तांबूस, पापुद्रे सुटलेली, आणि पापुद्र्याखाली हिरवट झाक. इथे एक घोळ होतो: निलगिरीचीही साल सोलून निघते आणि खालचं खोड गुळगुळीत असतं. पण निलगिरी वाशासारखी सरळसोट, आणि पेरूचं खोड कधी सरळ वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. शंका आली तर नखाने खरवडून हुंगा. निलगिरीचा धूर म्हणजे सर्दीचं औषध. कडुनिंब कडू, तोही नको. कण्हेर आणि बिब्बा तर आगीजवळसुद्धा नेऊ नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, त्याचा धूर फुफ्फुसात कशाला घ्यायचा?

झाड पटलं की दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणतं, ओलं 'बद' असा आवाज करतं. टोकाला केंद्रापासून बाहेर गेलेल्या भेगा दिसल्या तर उत्तम, लाकूड वाळताना तसंच तडकतं. पिठासारखी भुकटी गळत असेल तर आत कीड आहे. हिरवी-काळी बुरशी, कुबट वास असं काही असेल तर ते सरपण बंबापुरतं ठेवा.

आता वेडी बाभूळ. हिला कुणी किंमत देत नाही. सोलापूरकडे, मराठवाड्यात बांधाबांधावर माजलेली असते, शेतकरी तिला शिव्या देत काढतो आणि कोळसेवाले भट्ट्या लावतात. पण टेक्सासवाले ज्या मेस्कीटच्या धुराचं एवढं कौतुक करतात, त्याची ही सख्खी बहीण, एकाच कुळातली. धूर उग्र असतो. मटणाला, डुकराच्या मांसाला बेताने वापरली तर बहार, कोंबडीला जरा जास्तच होते. गावाकडे कुणी असेल तर मनगटाएवढ्या फांद्या मागवा आणि काटे तिथेच छाटून घ्यायला सांगा. तो काटा चपलेच्या तळातून आरपार जातो.

बागायतदाराकडे जायचं तर छाटणीच्या हंगामात. राहात्याकडे पेरू, सांगोल्याकडे डाळिंब, नाशिक-तासगावकडे द्राक्ष. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तेव्हा काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. त्या फुकट मिळाल्या तरी मी घेत नाही. द्राक्षबागेवर फवारण्या फार, बोर्डो मिश्रणाचं मोरचूद तर सालीवर निळं दिसतं. बाग मोडताना निघालेली जुनी खोडं मात्र जरूर घ्या, साल तासून आतलं लाकूड वापरा. पेरू-डाळिंबालाही शेवटची फवारणी कधी झाली ते विचाराच. शेतकरी खरं सांगतो, फक्त 'मांस भाजायला हवंय' हे आधी सांगा, नाहीतर त्याला वाटतं नेहमीचं सरपण.

आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात तर १९७५ चा वेगळा कायदा आहे. म्हणून पडलेल्या झाडाचं किंवा छाटणीचंच लाकूड मागा, आणि रस्त्याकडेच्या झाडाकडे बघूही नका.

ऑनलाइन हिकरी (अमेरिकेतलं एक झाड), सफरचंद, चेरीच्या लाकडाच्या पिशव्या मिळतात. वखारीत लाकूड मणावर मिळतं आणि इथे ग्रॅमवर, त्यामुळे भाव पाहून डोळे पांढरे होतात. पण डुकराच्या मांसाला हिकरीच हवी असेल तर दुसरा इलाज नाही. घेताना 'चंक्स' लिहिलंय की 'चिप्स' ते पाहा. चिप्स म्हणजे ढलप्या, त्या भसकन पेटून संपतात. लांब चालणाऱ्या धुराला ठोकळाच लागतो. तुम्ही अमेरिकेत असाल तर हा सगळा खटाटोपच नाही, हार्डवेअरच्या दुकानात भट्टीत वाळवलेल्या ठोकळ्यांच्या पिशव्या रांगेने लावलेल्या असतात. फक्त एका राज्यातलं जळाऊ लाकूड गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे भुंगे पसरतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर बंदी आहे.

ओंडका घरी आणला की मुठीएवढे, पाच-सात सेंटिमीटरचे ठोकळे करायचे. हाताच्या करवतीने. चेन सॉ वापरला तर साखळीचं तेल कापलेल्या तोंडावर उडतं, ते तोंड तासून टाकावं लागतं. सुटलेली साल काढा, घट्ट चिकटलेली थोडी राहिली तरी चालते. मग जाळीच्या पिशवीत, कांद्याची असते तसल्या, वारा लागेल असे टांगा. ओलाव्याचं मीटर मिळतं, वीस टक्क्यांच्या खाली आलं की झालं. मीटर नको असेल तर एकाच ठोकळ्यावर खूण करून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. गच्चीवर ठेवत असाल तर मे संपायच्या आत घरात घ्या, पुण्याच्या पावसाळ्यात महिन्यांची मेहनत वाया जाते. आमच्याकडे पिशव्या माळ्यावर असतात. सासूबाईंना वाटतं मी सुनामीची तयारी करतेय.

ठोकळे भिजवायचे नाहीत. पाणी जेमतेम वरच्या थरात मुरतं, आधी त्याची वाफ होते आणि तोवर विस्तव थंड पडतो. लाकडी कोळशाचा चांगला निखारा करून त्यावर ठोकळे ठेवा. मटणाच्या रानाला चार, कोंबडीला दोन पुरतात. सुरुवातीला पांढराशुभ्र दाट धूर येईल, तेव्हा मांस ठेवू नका, तोच कडवटपणा आणतो. धूर विरळ, निळसर झाला की ठेवा.

नव्या वखारीचं लाकूड असेल तर आदल्या दिवशी एकच ठोकळा निखाऱ्यावर टाकून धुरावर एक भिजवलेली पोळी धरा. मिनिटभरात पोळीला वास लागतो. चाखा, कडू लागली किंवा जिभेला चरचरली तर ते लाकूड मटणाला घेऊ नका, बंबात घाला आणि आंघोळ करा.