तर्कतीर्थ वाचायचे तर कुठून?

साताऱ्यात आमच्या वाचनगटात नवं पोर आलं की हमखास विचारतं, “सर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी कुठून सुरू करू?”

संस्कृत पंडित आणि धर्माचे चिकित्सक असलेल्या या लेखकाचं ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ लगेच उचलू नका. साहित्य अकादमीचं 1955 चं पारितोषिक त्याला आहे, पण सुरुवातीलाच दमछाक होते. आधी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ घ्या, आणि पेन्सिल हाताशी ठेवा. शास्त्रीबुवा परंपरेवर टीका करतात ती आतून, शास्त्राचीच हत्यारं घेऊन. म्हणून प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी खरडा: ते काय म्हणतायत आणि कशावरून. ‘कशावरून’ सापडलं नाही, तर पान उलटायचं नाही. वेळ लागतो, लागू दे.

चरित्र त्यानंतर. जन्म 1901, धुळ्याकडचं पिंपळनेर. शिक्षण वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, केवलानंद सरस्वतींकडे. तर्कतीर्थ पदवी कलकत्त्याची. सनावळ्या पाठ करू नका (परीक्षा नाहीये), वळणं पकडा. वेदान्त आणि न्याय (म्हणजे तर्कशास्त्र) शिकलेला हा माणूस अस्पृश्यता निवारणासाठी गांधीजींना धर्मशास्त्रातूनच आधार काढून देतो आणि पुढे साम्यवादी चळवळीतून आलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर जातो, ते कसं? यावर गटात मनसोक्त भांडा.

शेवटी मराठी विश्वकोश. वाईतून निघालेल्या या कोशाचे ते प्रमुख संपादक होते. आपल्याला ठाऊक असलेल्या विषयाची एक नोंद निवडा, ऊस म्हणा किंवा हळद, आणि ती स्वतःच्या शब्दांत दहा ओळींत लिहून बघा.