घोडं लंगडतंय? दुखरा पाय असा शोधा

माळेगावच्या यात्रेतून घोडी आणली आणि आठवड्यात ती लंगडायला लागली. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "खांदा लचकलाय." चार दिवस आम्ही खांद्याला तेल चोळलं. दुखणं होतं खुरात. ते चार दिवस तिने जे सोसलं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी हात लावू नका, नुसतं उभं बघा. मागचे पाय घोडं आलटून पालटून सैल सोडतं, त्यात काळजीचं काही नाही. पण पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल, तर तो दुखतोय असं धरून चाला.

मग सपाट, घट्ट जागेवर चालवा. नांगरलेल्या काळ्या रानात नको, तिथे चांगलं घोडंही अडखळतं. साध्या चालीत बारीक लंगड दिसत नाही. दुडक्या चालीत दिसते, कारण त्या चालीत पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा, असे तिरपे पाय जोडीने पडतात आणि डावं-उजवं सरळ ताडून पाहता येतं. दोर सैल धरायला सांगा. तोंड आवळून धरलं तर मान हलणार नाही, आणि आपल्याला बघायची आहे ती मानच.

दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर जाते, चांगला टेकला की खाली. इथेच बहुतेकांची फसगत होते. मान खाली गेली तोच पाय दुखतोय असं वाटतं, आणि इलाज भलत्याच पायावर होतो. दहा-बारा पावलं मनात म्हणत राहा, "खाली, चांगला."

मागच्या पायांसाठी पाठीमागे उभे राहा. दोन्ही पुठ्ठ्यांच्या उंच हाडांवर खडूने ठिपका काढा. ज्या बाजूचा ठिपका जास्त वरखाली होतो, त्या बाजूवर संशय घ्या. एक मेख मात्र ध्यानात असू द्या. मागचा डावा पाय फार दुखत असेल, तर मान अशी हलते की पुढचा डावाच दुखतोय असं वाटावं. म्हणून मान आणि पुठ्ठे, दोन्ही बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

आता हात लावा, आणि सुरुवात खुरापासून करा. घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं आणि पुढच्या पायाचं दुखणं बऱ्याचदा खुरातच निघतं. खुरावरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं हलकी टेकवा. निरोगी पायात नाडी जेमतेम लागते. माझ्या घोडीच्या त्या पायात ती बोटाला ठणठण लागत होती आणि खूर दुसऱ्यापेक्षा गरम होता. तळव्यातला चिखल खरवडून पाण्याने धुतला, तेव्हा मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. डॉक्टरांनी तिथे कोरलं आणि राखाडी, घाण वासाचा पू आला. दुसऱ्या दिवशी घोडीने पाय टेकला.

खिळा रुतलेला दिसला तर शक्यतो उपटू नका. कुठे आणि कसा गेलाय, हे डॉक्टरांना बघू द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का तेही सांगा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

खुरात काही सापडलं नाही तर नडगीमागच्या दोरीसारख्या शिरा (कंडरा) वरून खालपर्यंत चिमटीत धरून चाचपा आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघा. सांधा दुमडून धरायचा आणि लगेच पळवायचं, ही परीक्षा डॉक्टरांवर सोडा.

डॉक्टर येण्याआधी दुखण्याचं औषध देऊ नका. लंगड झाकली जाते आणि जागा सापडत नाही. यात्रेत घोडं घेतानाही विकणाऱ्याने लंगड झाकली असेल, ही शंका मनात ठेवा. माझ्या घोडीला विकणाऱ्याने मऊ मातीत नाचवून दाखवलं होतं, रस्त्यावर एकदाही नाही.

पाय अजिबात टेकत नसेल, किंवा सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर हवेत. ज्वारीच्या पोत्यात तोंड घालून भरमसाट खाल्लेलं घोडं पुढचे पाय ताणून मागे रेलून उभं राहिलं, तर तासभरही थांबू नका. डॉक्टर येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि त्याला चालवू नका. तालुक्याच्या दवाखान्यात भागलं नाही, तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. फोन करण्याआधी दुडक्या चालीचा व्हिडिओ काढून ठेवा, एक समोरून, एक मागून.