होर्डिंगवरचा माझा फोटो

गिरगावातल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत काढलेला माझा फोटो एका बिल्डरच्या होर्डिंगवर झळकला, कोपऱ्यातलं नाव छाटून. वॉटरमार्कचा उपयोग एवढाच! भांडत बसलो नाही. होर्डिंगचा फोटो काढला, मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची प्रत, शोधली; छाटलेली कड तिच्यात शाबूत होती. वकिलाच्या नोटिशीसोबत वापराचं बिलही जोडलं. पैसे आले, कुरकुरत का होईना.

लग्नाच्या कामात गोम वेगळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाची. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच करारावर सही घेतो: हक्क माझे, घरगुती वापर त्यांचा. रॉ फाइली कुणालाच देत नाही, मामेभावालाही.