द्राक्षाला खुंट निवडताना या चुका टाळा

बागेत पानं पिवळी पडली की आधी खत वाढवतात, मग फवारण्या वाढवतात, पण खाली खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ते झाड) कोणता आहे ते कुणी बघतच नाही. एकदा बाग उभी राहिली की खुंट बदलणं जवळपास अशक्य, त्यामुळे डोकं लावायचं ते लागवडीच्या आधीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नर्सरीत जाऊन "एकदम काटक खुंट द्या" एवढंच सांगणं. अहो, काटक म्हणजे कशाला काटक? खाराला, चुन्याला, पाण्याच्या ताणाला का सूत्रकृमीला (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत)? सगळ्याला पुरून उरणारा खुंट अजून तरी नाहीये. ११० आर नावाचा खुंट पाण्याचा ताण मस्त सोसतो पण पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याची मुळं दम तोडतात. डॉगरिज आणि सॉल्ट क्रीक हे खुंट सूत्रकृमीला चांगलं तोंड देतात, पण वाढ इतकी जोरदार की भारी सुपीक जमिनीत नुसता पाला होतो आणि घड कमी निघतात.

चुनखडीत तर फारच गल्लत होते. माती परीक्षणाच्या रिपोर्टमधला एकूण चुना बघून लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात, खरा बघायचा तो सक्रिय चुना (बारीक, पटकन विरघळणारा भाग), कारण तोच लोह अडवतो. रिपारिया ग्लॉयर हा खुंट साधारण ६ टक्के सक्रिय चुन्यापर्यंतच टिकतो, ११० आर १७ च्या आसपास आणि ४१ बी थेट ४० पर्यंत, म्हणजे फरक किती आहे बघा! पण ४१ बी ला खारवट जमीन आणि सूत्रकृमी दोन्ही झेपत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आणि माती फक्त वरची एक फूट देऊ नका, दुसऱ्या फुटाचं सॅम्पल वेगळं द्या, चुना बऱ्याचदा खालीच दडलेला असतो. पाण्याचंही परीक्षण कराच, माती चांगली असून ड्रिपमधूनच क्षार येत असतील तर काय उपयोग?

बाग आधीच लावलेली असेल तर पानं नीट बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुतेक चुन्यामुळे लोह मिळत नाहीये. जुन्या पानांच्या कडा करपल्यात, तर क्षारांचा संशय घ्या आणि देठ परीक्षणात सोडियम, क्लोराईड बघून घ्या. लोह जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेटच (लोह धरून ठेवणारं खत) घ्या, चुनखडीत ईडीटीए चिलेट टिकत नाही.

आणि कलमाचा जोड मातीत गाडू नका हो, वरच्या जातीला मुळं फुटली की खुंटावर केलेला सगळा खर्च वाया.