पोकलेनच्या केबिनची काच ओरखडे न पाडता कशी स्वच्छ करावी

तुर्भ्याच्या दगडखाणींपासून उलव्याच्या कापलेल्या टेकडीपर्यंत, नवी मुंबईत जिथे पोकलेन, जेसीबी आणि डंपर राबतात तिथे केबिनच्या काचेवर बसणारी धूळ प्रामुख्याने काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. या दगडातील फेल्डस्पारसारखी खनिजे साध्या काचेपेक्षा किंचित कठीणच असतात. म्हणून धुळीने माखलेली काच कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे ती पॉलिश पेपरने घासणे होय. काही वर्षांपूर्वी मी देखभाल पाहत असलेल्या एका साइटवर नवीन आलेला हेल्पर रोज सकाळी मोठ्या निष्ठेने, हाताशी असलेल्या वेस्टच्या (यंत्रे पुसायच्या सुती धाग्यांच्या) बोळ्याने समोरची काच कोरडीच चकचकीत करीत असे. महिन्याभरात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा उमटल्या. दिवसा त्या कोणाच्या लक्षातही आल्या नाहीत. परंतु संध्याकाळी खाडीच्या बाजूला सूर्य कलला की सगळी काच पांढरी पडे आणि खोदलेल्या चरीच्या कडेला उभा असलेला माणूस ऑपरेटरला दिसेनासा होई. त्या मुलाला कोणी काही शिकवलेच नव्हते, त्यामुळे दोष त्याचा नव्हता.

कामाला हात लावण्यापूर्वी मशीन सपाट जागी उभे करावे, बकेट जमिनीवर टेकवावी, हायड्रॉलिकचा लॉक लिव्हर, म्हणजे मशीनची हालचाल रोखणारा दांडा, लावावा, इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. वरच्या काचेसाठी चेनवर (मशीन ज्यावर चालते त्या लोखंडी पट्ट्यावर) किंवा बूमवर (बकेटच्या लांब हातावर) चढू नये. ओल्या चेनवरून पाय घसरणे अगदी सोपे असते. भक्कम शिडी घ्यावी किंवा लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरावा.

वेळ सकाळची, शिफ्ट सुरू होण्यापूर्वीची उत्तम. उन्हात तापलेल्या काचेवर साबणाचे पाणी पुसण्याआधीच वाळते व डाग सोडते. शिवाय काचेला आधीच खडी लागून टवका उडालेला असेल, तर गार पाण्याच्या झटक्याने तिथून तडा पुढे सरकू शकतो.

प्रत्यक्ष धुताना पहिली दोन-तीन मिनिटे काचेला हात लावूच नये. वरून खाली पाणी सोडत राहावे, आधी छपरावरची धूळ उतरवावी, नाहीतर ती नंतर धुतलेल्या काचेवर ओघळते. प्रेशरचा पाइप असल्यास त्याची धार काचेच्या कडेच्या रबरावर, वायपरच्या मोटरवर किंवा दिव्यांच्या वायरिंगवर थेट मारू नये. मग एका बादलीत भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब घालावेत आणि दुसरी बादली साध्या पाण्याची ठेवावी. मायक्रोफायबरचे फडके साबणात बुडवून काचेवर दाब न देता वरून खाली ओढावे, प्रत्येक ओढीनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात घालावे. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी काही वेळात काळी चुरी साठलेली दिसते. एकच बादली वापरली असती, तर ती सगळी पुन्हा काचेवर गेली असती. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद समजावे. इंजिनासाठी वापरलेले फडके काचेला कधीही लावू नये, कारण त्यातील ग्रीस काचेवर तवंग पसरवते.

शेवटच्या पाण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खाडीलगतच्या साइटवर बोअरचे पाणी पुष्कळदा खारट किंवा जड असते आणि ते वाळले की काचेवर पांढरे ठिपके राहतात. यावर एक बिनखर्ची उपाय आहे: केबिनच्या एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ कॅनमध्ये साठवावे. ते हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते भरपूर मिळते. त्या पाण्याने शेवटची खळबळ देऊन रबरी पट्टीच्या वायपरने पाणी खाली ओढून घ्यावे.

सिमेंटचे शिंतोडे हा वेगळाच प्रकार आहे. काँक्रीट ओले असताना ते नुसत्या पाण्याने निघते, म्हणून पंपाजवळ काम करणाऱ्या मशीनची काच त्याच क्षणी धुवावी. जेवणाची सुट्टी होईपर्यंतही थांबू नये. सिमेंट अल्कधर्मी असते, आणि ते ओलसर राहून दीर्घकाळ चिकटून राहिल्यास काचेचा पृष्ठभागच खाते. मग शिंतोडा निघाला तरी खाली धूसर चट्टा कायम राहतो. वाळलेल्या शिंतोड्यांवर घरातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून भिजवलेले कापड पंधरा-वीस मिनिटे चिकटवून ठेवावे, गरज पडल्यास पुन्हा भिजवावे, आणि मऊ झालेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवावा. रंगावर, रबरावर किंवा ॲल्युमिनियमवर ओघळलेले व्हिनेगर लगेच धुऊन टाकावे. संडास-बाथरूम साफ करायचे ॲसिड आणून ओतण्याची काहींची सवय मला अतिशय चुकीची वाटते. त्याच्या वाफा केबिनमध्ये शिरतात, आणि ते ज्या पत्र्यावर सांडते तिथे गंज धरतो.

हायड्रॉलिक ऑइलचा फवारा बसला असेल, तर पाण्याचे थेंब काचेवर गोळे होऊन घसरतात. हीच त्याची खूण. तिथे साबण थोडा अधिक घ्यावा व दोनदा धुवावे. मात्र तेल आले कुठून, कोणता होज पाझरतो आहे, हे त्याच दिवशी शोधावे.

डिझेल किंवा थिनर यांनी काच पुसण्यापूर्वी ती खरोखर काच आहे का, हेही पाहावे. छपरावरची खिडकी आणि दगड फोडण्याचा ब्रेकर लावलेल्या मशीनचे संरक्षक फलक अनेकदा पॉलिकार्बोनेटचे असतात. नखाने टिचकी मारल्यास काचेचा आवाज खणखणीत आणि प्लॅस्टिकचा बोदा येतो. पॉलिकार्बोनेट थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरने धूसर होते व त्यावर बारीक तडे येतात. त्याला फक्त सौम्य साबण आणि भरपूर पाणी लावावे.

वायपरची रबरी पट्टी प्रत्येक धुण्यासोबत ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या कडेला अडकलेला एक खडा रोज एकाच कमानीत रेघ मारीत राहतो. पट्टी कडक झाली किंवा फाटली, तर ती त्वरित बदलावी. वॉशरच्या टाकीत कपड्यांची पावडर घालू नये, तिने नोझल तुंबते.

काचेच्या आतील बाजूस धूळ, श्वासाची वाफ आणि तापलेल्या डॅशबोर्डमधून सुटणारे द्रव्य यांचा पातळ तवंग चढतो. रात्रपाळीत समोरून डंपरचे हेडलाइट आले की तोच चमकतो. आतून आधी साबणाच्या अगदी पिळून घेतलेल्या फडक्याने, नंतर साध्या ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसावे. पाणी जॉयस्टिक आणि स्विचपर्यंत जाऊ देऊ नये. आतला हात आडवा आणि बाहेरचा हात उभा फिरवण्याची सवय लावावी. मग ऑपरेटरने आपल्या सीटवर बसून उन्हाच्या दिशेने पाहिल्यावर एखादा पट्टा राहिलेला दिसला, तर तो आडवा आहे की उभा यावरून काचेच्या कोणत्या बाजूला पुन्हा फडके फिरवायचे हे त्याला बसल्या जागीच सांगता येते.